काळ्या पाषाणातील स्फटिक आणि गावाचे नाव

(नाशिक येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि महसूल कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या राज्याच्या खनिजसंपत्तीचा विषय निघाला की बोट नकाशाच्या पूर्वेकडे वळते. चंद्रपूर-यवतमाळचा कोळसा, नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज, सुरजागडचे लोहखनिज ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. दक्षिणेकडे कोल्हापूर-रत्नागिरीचे बॉक्साइट आणि रेडीचे लोहखनिज आहे. नाशिक जिल्ह्यापुढे मात्र अशा तक्त्यात बहुधा एकच नोंद आढळते : बांधकामाचा दगड. ही नोंद खोटी नाही. पण ती अपुरी आहे. हा दगड आपण ब्रासने मोजतो, शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून त्यावर स्वामित्वधन आकारतो आणि त्याची खडी करून रस्त्यावर पसरतो. त्याच दगडाच्या पोटात ब्रासने मोजता न येणारी एक संपत्ती आहे. जगातील मोठमोठ्या खनिज संग्रहालयांत ती काचेच्या कपाटात मांडलेली असते आणि तिच्याखालच्या चिठ्ठीवर ‘नासिक’ असे लिहिलेले असते. आजचे माझे बोलणे या संपत्तीविषयी आणि त्या चिठ्ठीविषयी आहे.

मी भूशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने माहिती अधिकारी. तेव्हा शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले जे आहे ते सोप्या शब्दांत मांडणे आणि गावपातळीवर त्याचा उपयोग काय हे सांगणे, एवढीच माझी मर्यादा आहे.

दोन प्रकारचे खडक

स्फटिकांसाठी प्रसिद्ध असलेले प्रदेश सामान्यपणे पेग्मॅटाइट नावाच्या खडकाचे असतात. ग्रॅनाइटचा तप्त रस जमिनीच्या पोटात निवत असता शेवटी जो पाणीदार अंश उरतो, तो भेगांत शिरून गोठतो आणि त्यात मोठमोठे स्फटिक तयार होतात. अभ्रक, फेल्डस्पार, गारगोटी, वैडूर्याच्या जातीचे बेरिल ही त्याची अपत्ये. झारखंडमधील कोडरमा, आंध्रातील नेल्लोर, राजस्थानातील भिलवाडा हे आपल्या देशातील असे प्रसिद्ध टापू होत. आपल्या राज्यात सिंधुदुर्गातील कडावल परिसरात अभ्रकाचे असे खडक आहेत.

कोडरमाचा इतिहास आपल्याला उपयोगी पडण्यासारखा आहे. विजेच्या उपकरणांत अभ्रकाचे पत्रे विद्युत्‌रोधक म्हणून लागत, तेव्हा दोन्ही महायुद्धांत तेथील मालाला जगभर मागणी होती. पुढे रेडिओतील काचेच्या व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, पर्यायी पदार्थ आले आणि ती मागणी ओसरली. खाणी बंद पडल्या तरी माणसे तेथेच राहिली. जुन्या ढिगाऱ्यांतून अभ्रकाचे तुकडे वेचण्याचे काम स्त्रिया आणि मुलेसुद्धा करू लागली. माल कोठून निघाला, कोणी काढला, किती निघाला याची नोंद नसली की पहिला तोटा खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचा होतो, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

काळाची चक्रे कशी फिरतात पाहा. अभ्रक, फेल्डस्पार, क्वार्ट्झ अशी खनिजे १० फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने गौण खनिजांच्या यादीत आली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र शासनाने यांतील अभ्रक, फेल्डस्पार व क्वार्ट्झ आणि त्यांच्याबरोबर बराइट यांना पुन्हा प्रमुख खनिजांत नेले. कारण पेग्मॅटाइटमध्ये यांच्या सोबतीने लिथियम, टँटलम, नायोबियम यांसारखी आजच्या उद्योगाला अत्यावश्यक खनिजे असू शकतात. कालचा किरकोळ दगड आज मोलाचा ठरला.

आपल्या जिल्ह्याचा खडक मात्र पेग्मॅटाइट नव्हे. तो आहे बसाल्ट, ज्याला आपण काळा पाषाण किंवा काळा दगड म्हणतो. त्यात स्फटिक कसे आले, ही निराळीच कथा आहे.

पाषाणाची जन्मकथा

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हा बाहेर पडला. एकावर एक थर पसरत गेले. आज उरलेल्या या थरांचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर असून महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग त्यांनी व्यापला आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. साल्हेर, सप्तशृंग, अंकाई-टंकाई, ब्रह्मगिरी यांच्या कड्यांकडे दुरून पाहिले की पायऱ्या-पायऱ्यांची रचना दिसते, ते हेच थर. भूशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव पडले आहे.

लाव्हा निवताना त्यातील वायू वर येण्याची धडपड करतो. भाकरीच्या पापुद्र्याखाली वाफ कोंडावी तसा तो थराच्या वरच्या भागात कोंडतो आणि खडकात पोकळ्या राहतात. काही वाटाण्याएवढ्या, काही घागरीएवढ्या, तर काही माणूस आत वाकून उभा राहील एवढ्या. पुढे नवे थर वर पडले. त्यांच्या भाराखाली आणि उष्णतेत जमिनीतील पाणी तापले, ते खडकातून झिरपताना त्यातील सिलिका, चुना, ॲल्युमिना, सोडा, पोटॅश यांचे अंश विरघळवून घेऊ लागले आणि पोकळीत पोचल्यावर निवता निवता हे अंश भिंतींवर स्फटिकरूपाने साचले. हे काम एका दमात झालेले नाही. लाव्हा थंड झाल्यावर लाखो, किंबहुना कोट्यवधी वर्षे टप्प्याटप्प्याने ते चालू होते. म्हणूनच एकाच पोकळीत तळाशी हिरवट मातकट अस्तर, त्यावर एक खनिज, त्यावर दुसरे, शेवटी कॅल्साइटचा एखादा पिवळसर स्फटिक, अशी उतरंड आढळते. ती उतरंड हा त्या पोकळीचा इतिहास होय. कोणता थर आधी आणि कोणता नंतर, हे दगड जागेवर असताना वाचता येते. तुकडे पोत्यात भरल्यावर ते वाचता येत नाही.

पोकळीतील मंडळी

या खनिजांत सर्वांत मोठे कूळ झिओलाइटांचे आहे. स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘उकळणारा दगड’. हे खनिज तापविले की त्यातील पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि दगड जणू उकळतो. झिओलाइटची रचना सूक्ष्म जाळीसारखी असते; जाळीच्या छिद्रांत पाणी आणि क्षारांचे कण राहतात आणि परिस्थितीप्रमाणे त्यांची अदलाबदल होऊ शकते.

आपल्याकडे मिळणाऱ्या खनिजांची ओळख करून द्यायची तर स्टिल्बाइट म्हणजे मोडलेल्या पेंढीसारखा, गुलाबी किंवा दुधाळ रंगाचा आणि मोत्यासारख्या चकाकीचा. ह्यूलंडाइट शवपेटीच्या आकाराच्या चपट्या स्फटिकांचा. स्कोलेसाइट आणि मेसोलाइट सुयांच्या झुबक्यांसारखे. मेसोलाइटच्या सुया केसाइतक्या बारीक असू शकतात. ओकेनाइट पिंजलेल्या कापसाच्या बोंडासारखे दिसते. मोह झाला तरी त्याला बोट लावू नये, कारण तंतू एकदा चिकटले की पूर्ववत होत नाहीत. ॲपोफिलाइट हा झिओलाइट नव्हे, पण त्यांचा सख्खा शेजारी. त्याचे स्फटिक पाण्यासारखे स्वच्छ किंवा हिरवे असतात आणि हा हिरवा रंग व्हॅनेडियमच्या अल्पशा अंशामुळे येतो. याखेरीज गायरोलाइट, प्रेहनाइट, कॅल्साइट, जांभळी गारगोटी आणि कॅल्सिडोनी आहेतच.

पांडवलेण्यांच्या डोंगराजवळील दगडखाणीने या यादीत दोन दुर्मिळ नावांची भर घातली. एक पॉवेलाइट, म्हणजे कॅल्शियम आणि मॉलिब्डेनम यांचे खनिज. ते प्रथम १८९१ मध्ये अमेरिकेत ओळखले गेले आणि भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांचे नाव त्याला मिळाले. दुसरे गूसक्रीकाइट. व्हर्जिनियातील गूस क्रीक नावाच्या दगडखाणीत ते सापडले आणि १९८० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पण या खनिजाचे उत्तम स्फटिक पाहायचे तर जाणकार नाशिकच्या नमुन्यांकडे बोट दाखवितात. परदेशातील एका साध्या खडीच्या खाणीचे नाव विज्ञानात कायमचे कोरले गेले, कारण तेथे सापडलेली वस्तू कोणीतरी जागेच्या नोंदीसह तज्ज्ञापर्यंत पोचविली. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या.

लेण्यांपासून खडीपर्यंत

आपल्या जिल्ह्यात पाषाण फोडण्याची परंपरा दोन हजार वर्षांची आहे. त्रिरश्मी डोंगरावरील चोवीस लेणी म्हणजे एका अर्थाने या जिल्ह्यातील सर्वांत जुने उत्खनन. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने तीन हजार कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिली. दोन हजार एका दराने, एक हजार दुसऱ्या दराने, आणि व्याजातून कोणता खर्च व्हावा हेही सांगितले. हा व्यवहार नगरसभेत जाहीर करून दप्तरी नोंदविल्याचा त्यात उल्लेख आहे. गोवर्धन हे गावाचे नाव आजही नाशिकजवळ नांदते आहे. गाव, रक्कम, हेतू आणि नोंद हे सारे त्या काळ्या पाषाणावर कोरले गेले, म्हणूनच आज आपल्याला ते कळते.

पुढे गड-किल्ले, मंदिरे, घाट, बारवा यांसाठी दगड निघत राहिला. पाथरवट आणि वडार समाजाच्या पिढ्यान् पिढ्या छिन्नी, घण आणि पहार यांवर जगल्या. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाटाचा आणि १८६५ मध्ये कसारा-इगतपुरी दरम्यानच्या थळघाटाचा मार्ग खुला झाला. हजारो मजुरांनी डोंगर फोडला. पटकी आणि अपघात यांत अनेकांनी प्राण गमावले. बोरघाट फोडताना खडकातील मोठ्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि त्यांतील स्फटिक विलायतेतील संग्राहकांपर्यंत पोचले. दख्खनच्या स्फटिकांची जगाला मोठ्या प्रमाणावर ओळख झाली ती तेव्हापासून.

स्वातंत्र्यानंतर धरणे, रस्ते, औद्योगिक वसाहती आणि वाढती शहरे यांना खडी लागू लागली. सुरुंग आणि क्रशर आले. विहिरींची खोदाईही वाढली. यांतून नवनव्या जागी स्फटिक मिळू लागले. पुण्याचा पाषाण परिसर हिरव्या ॲपोफिलाइटसाठी, वाघोलीच्या खाणी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून निळ्याभोर कॅव्हनसाइटसाठी आणि नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर हे जिल्हे विविध झिओलाइटांसाठी ओळखले जाऊ लागले. कॅव्हनसाइट प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आढळले आणि १९७३ मध्ये त्याचे वर्णन झाले. पण त्याला खरी कीर्ती मिळाली ती वाघोलीमुळे. अमेरिकेतील टूसॉन येथे १९५५ पासून दरवर्षी भरणाऱ्या खनिज प्रदर्शनात आज महाराष्ट्रातील स्फटिक हा नेहमीचा माल झाला आहे. आपल्या जिल्ह्यातही सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत के. सी. पांडे यांनी उभारलेले ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तेथे अवश्य न्यावे.

नाव हरवलेले दगड

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एकोणिसाव्या शतकात येथून गेलेल्या अनेक नमुन्यांवर ‘पूना’ एवढेच लिहिले गेले. बोरघाटातला तोही पूना, पुण्याच्या वेशीवरचा तोही पूना. १८३१ मध्ये तर पुण्याच्या नावावरून ‘पूनालाइट’ असे एका खनिजाचे नामकरणही झाले. पुढे ते निराळे खनिज नसल्याचे ठरले आणि नाव मागे पडले. त्यानंतरच्या काळात ‘नासिक’ आणि ‘जळगाव’ या शब्दांचेही तसेच झाले. नमुना सिन्नरचा असो, इगतपुरीचा असो की शेजारच्या जिल्ह्याचा असो, व्यापाराच्या सोयीने त्याला एक मोठे नाव चिकटते. गावाचे नाव, खाणीचा गट क्रमांक, किती खोलीवर सापडला, सोबत काय होते, हे सारे पुसले जाते.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. बरेच बिघडते. शास्त्राच्या दृष्टीने जागा माहीत नसलेला स्फटिक ही केवळ शोभेची वस्तू आहे. जागा माहीत असली तर तोच स्फटिक जमिनीतील जुन्या पाण्याचा, उष्णतेचा आणि भेगांचा पुरावा ठरतो. व्यवहाराच्या दृष्टीनेही माहितीसह असलेल्या नमुन्याला मान जास्त. आणि गावाच्या दृष्टीने पाहिले तर वस्तू जाते, खड्डा राहतो आणि नावही राहत नाही. बहुतेक स्फटिकांच्या वाट्याला तर तेवढेही येत नाही. ते सुरुंगाने फुटतात आणि क्रशरच्या जबड्यातून खडी होऊन बाहेर पडतात.

येथे एक खुलासा केला पाहिजे. झिओलाइटमुळे जिल्ह्यात मोठा कारखानदारी उद्योग उभा राहील, अशी आशा कोणी धरू नये. झिओलाइटचे उपयोग पुष्कळ आहेत. कठीण पाणी मऊ करणे, खनिज तेलाचे शुद्धीकरण, दूषित पाण्यातील अमोनिया काढणे, हे त्यांतील काही. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर किरणोत्सारी सीझियम शोषण्यासाठीही ते वापरले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात झिओलाइटवर आधारित उत्प्रेरक विकसित करून ते पेट्रोरसायन उद्योगाला दिले. परंतु उद्योगाला लागणारे झिओलाइट बव्हंशी कृत्रिम असतात किंवा ज्वालामुखीच्या राखेच्या जाड थरांतून काढले जातात. आपल्याकडील स्फटिक पोकळ्यापोकळ्यांतून विखुरलेले आहेत. त्यांचे मोल टनावारी नाही. ते त्यांच्या सौंदर्यात, दुर्मिळपणात आणि ज्ञानात आहे. असे मोल नोंदीशिवाय टिकत नाही.

कायदा काय सांगतो

१९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाप्रमाणे बांधकामाचा दगड हे गौण खनिज असून कलम १५ अन्वये त्याविषयीचे नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. त्यानुसार महाराष्ट्रात २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ मध्ये खनिजांवरील शासनाचा हक्क आणि विनापरवाना उत्खननाबद्दलचा दंड सांगितलेला आहे. खाणपट्टा ज्या खनिजासाठी दिला त्याव्यतिरिक्त दुसरे खनिज आढळले तर ते कळवावे, परस्पर विकू नये, हे खाणपट्ट्यांच्या व्यवहारातील जुने तत्त्व आहे. १९६० च्या खनिज सवलत नियमांतही ते होते. शंका आल्यास जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना लेखी विचारणे हा सरळ मार्ग होय.

सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी हरियाणातील एका प्रकरणात दिलेल्या निर्णयानंतर पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मान्यतेची अट लागू झाली. पेठ, सुरगाणा, कळवण यांसारख्या अनुसूचित क्षेत्रांतील सदस्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९९६ च्या पेसा अधिनियमानुसार तेथे गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आवश्यक आहे. ही शिफारस म्हणजे शिक्का उमटविण्याचा उपचार नव्हे. खाण कोठे होणार, पाणवठ्यापासून आणि घरांपासून ती किती दूर, काम संपल्यावर खड्ड्याचे काय करणार, हे प्रश्न विचारण्याची ती संधी आहे. झऱ्याच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या विहिरीच्या जवळ खाण मागितली असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा.

आधी माणूस, मग स्फटिक

स्फटिकाच्या नादात माणसाचा जीव धोक्यात जाता कामा नये. सुरुंगानंतर उघडी पडलेली पोकळी दिसली की मजूर पहारीने तिच्या बाजूचा दगड खालून पोखरतात. वरचा कडा आधाराविना लोंबता राहतो आणि कोणत्याही क्षणी कोसळू शकतो. धातुखनिज खाणींच्या १९६१ च्या विनियमांत अशा प्रकारे कडा खालून पोखरण्यास स्पष्ट मनाई आहे. सुरुंग लावण्याचे काम परवानाधारकानेच केले पाहिजे. १९५२ च्या खाण अधिनियमातील १९८३ च्या दुरुस्तीने अठरा वर्षांखालील व्यक्तीला खाणीत कामास ठेवण्यास मनाई केली. शाळेतील एखादा मुलगा सकाळी वर्गात न येता ढिगाऱ्यावर दगड वेचताना दिसला, तर ती केवळ हजेरीची बाब नाही. ती पंचायतीच्या आणि मुख्याध्यापकांच्या कानावर गेली पाहिजे.

बंद पडलेल्या खाणींचे खड्डे पावसाळ्यात भरतात. त्यांना कुंपण नसले तर गुरे आणि मुले यांना ते घातक ठरतात. कुंपण घालून, उतार करून, पाण्याची तपासणी करून त्यांचा साठवण किंवा मत्स्यपालन यासाठी उपयोग करता येईल का, हे पंचायतीने पाहावे.

आपण काय करू शकतो

शेवटी काही सूचना करतो. त्यांना मोठा निधी लागत नाही.

पहिली सूचना पंचायतींना. गावात खाण असेल किंवा विहीर-तळ्याची खोदाई चालू असेल तर एक साधी नोंदवही ठेवावी. तिच्यात तारीख, गट क्रमांक, जमिनीपासूनची खोली, सापडलेल्या वस्तूचे वर्णन, तिच्यासोबत काय होते आणि शक्य असल्यास छायाचित्र एवढे असावे. खनिजाचे नाव ठाऊक नसले तरी चालेल. ‘पांढऱ्या सुयांचा झुबका, हिरव्या अस्तरावर’ एवढे लिहिले तरी तज्ज्ञाला पुरते. नावापेक्षा जागा महत्त्वाची.

दुसरी सूचना शिक्षकांना. शाळेत दगडांचे एक कपाट असावे आणि प्रत्येक दगडाखाली गावाचे नाव असावे. ओळखीच्या चाचण्या सोप्या आहेत. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो. कॅल्साइटने उठत नाही, उलट चाकूने त्याच्यावरच ओरखडा पडतो आणि सौम्य आम्लाच्या थेंबाने त्यावर बुडबुडे येतात. स्टिल्बाइटची थोडी भुकटी कोरड्या परीक्षानळीत तापविली की नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. क्रोनस्टेट यांच्या ‘उकळणाऱ्या दगडा’चा प्रयोग आपल्याच गावच्या दगडावर मुलांना दाखविता येतो. मात्र हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांना चष्मा लावून करावा आणि नमुने गोळा करण्यासाठी मुलांना चालू खाणीत कधीही पाठवू नये.

तिसरी सूचना महसूल कर्मचाऱ्यांना. खाणपट्ट्याची मोजणी आणि तपासणी करताना आपण ब्रास आणि वाहतूक परवाने पाहतो, ते पाहिलेच पाहिजेत. त्याबरोबर अहवालात ‘स्फटिक आढळले किंवा नाही’ अशी एक ओळ लिहिली, तर काही वर्षांत जिल्ह्याचा एक नकाशा आपोआप तयार होईल. मोठी पोकळी उघडी पडल्याचे कळले तर भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला वेळीच कळवावे, म्हणजे फोडण्यापूर्वी निदान तिचे छायाचित्र आणि वर्णन तरी होईल.

चौथी सूचना खाणधारकांसाठी, आणि ती त्यांच्यापर्यंत पोचविण्याचे काम आपले. खडी हा त्यांचा धंदा आहे आणि रस्त्याला खडी लागणारच. पण एखाद्या कोपऱ्यातील पोकळी सुरुंगाऐवजी छिन्नीने, सुरक्षित रीतीने आणि परवानगीने उघडली, तर एका दिवसाच्या विलंबाने त्यांचे फार नुकसान होत नाही. ज्या मजुराच्या नजरेने ती पोकळी पहिल्यांदा टिपली, त्याच्या कौशल्याचा मोबदला त्याला मिळावा, हेही न्यायाचे आहे.

बंधुभगिनींनो, उषवदाताने दान दिले तेव्हा ते सभेत जाहीर केले आणि दप्तरी नोंदविले. त्याच डोंगराच्या कुशीतून निघालेले स्फटिक आज सातासमुद्रापलीकडे आहेत. त्यांतील पुष्कळांच्या गावाचा पत्ता कोणाकडेही नाही. गेलेले परत आणणे आपल्या हाती नाही. पण उद्या आपल्या शिवारात जी विहीर खोदली जाईल, जी खाण उघडेल, तिच्यात निघणाऱ्या प्रत्येक वस्तूसोबत गावाचे नाव राहील एवढी व्यवस्था आपण येत्या ग्रामसभेपासून करू शकतो. एक वही, एक कपाट आणि तपासणी अहवालातील एक ओळ. एवढ्यापासून प्रारंभ करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.